तिसरी टीप

डॉ. एलिआस राउतिओ पत्रांची उत्तरे देण्यात तसे चोख होते. पुस्तकविक्रेत्याचे पत्र असो, टुर्कूतल्या चुलत बहिणीचे असो, की दरवर्षी येणारे वाफेच्या स्नानाच्या सौना-मंडळाच्या वर्गणीचे असो, आठवडा उलटायच्या आत उत्तर जायचे. पण फेब्रुवारीतल्या एका सोमवारी आलेल्या पत्राला त्यांनी उत्तर दिले नव्हते, आणि आता एप्रिल लागला होता.

पत्र रेघांच्या कागदावर होते. अक्षर मोठे, गोल.

‘डॉक्टर राउतिओ, आपली ओळख नाही. माझ्या रिपोर्टखाली तुमचं नाव आहे म्हणून लिहिते. मी ग्रँट्स लँडिंगला शाळेची बस चालवते, एकवीस वर्षं झाली. रिपोर्ट हल्ली घरबसल्या कॉम्प्युटरवर दिसतो. मी तो चार वेळा वाचला. बाकीचं सगळं नर्सबाईंनी समजावून सांगितलं, पण अगदी तळाशी बारीक अक्षरात तिसरी टीप आहे, ती कुणालाच धड सांगता आली नाही. “निष्कर्षाचा अर्थ सावधगिरीने लावावा” असं तुम्ही लिहिलंय. सावधगिरी कुणी बाळगायची? मी, की डॉक्टरांनी? पुढे रस्ता निसरडा आहे अशी पाटी दिसली की मी ब्रेकवर पाय ठेवते. इथे ब्रेक कुणाच्या पायाखाली आहे? तुम्हाला खात्री आहे का, एवढंच विचारायचं आहे. बुधवारी तुमचं बोर्ड बसतं म्हणतात. त्याआधी कळलं तर बरं. – लॉर्ना डबचॅक.’

राउतिओ पॅथॉलॉजिस्ट होते. पोर्ट सेल्वीच्या रुग्णालयाच्या तळघरात, सूक्ष्मदर्शकापाशी, त्यांची चौतीस वर्षे गेली होती. या चौतीस वर्षांत त्यांनी काही हजार बायकांच्या गाठी पाहिल्या असतील. बाया पाहिल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. रुग्णाशी बोलायचे ते सर्जनने, केमोच्या डॉक्टरने, नर्सने. पॅथॉलॉजिस्टने लिहायचे. ही विभागणी त्यांना मनापासून आवडायची. लोकांपुढे बोलणे त्यांना जमत नसे. कागदावर मात्र ते निवांत असत. आणि पुस्तकात जन्म गेल्यामुळे असेल, पण तळटीप कुणी वाचत नाही ही गोष्ट त्यांच्या कधी डोक्यातच आली नव्हती. ते स्वतः आधी तळटिपाच वाचत.

तिसऱ्या टिपेमागची हकिकत साधी होती. लॉर्नाच्या गाठीचा तुकडा ग्रँट्स लँडिंगच्या छोट्या दवाखान्यात एका गुरुवारी काढला. त्याच रात्री हिमवादळ आले आणि सरोवराकाठचा रस्ता बंद झाला. तुकड्याची बाटली तिथेच शीतपेटीशेजारी राहिली ती मंगळवारपर्यंत. तुकडा टिकवण्याच्या द्रवात, फॉर्मॅलिनमध्ये, तीन दिवस मुरला तर चालतो. हा पाच दिवस मुरला. जास्त मुरलेल्या तुकड्यावर पुढच्या तपासणीचा रंग कधीकधी धरत नाही. आणि त्या रंगावर तर सगळे अवलंबून. गाठ स्त्रीच्या हार्मोनवर पोसली जाते की नाही, हे त्या रंगाच्या दोन तपासण्या सांगतात. तपकिरी आला तर गोळ्यांनी काबूत येणारी जात. नाही आला, आणि हर-टू नावाची तिसरी तपासणीही कोरी आली, तर जहाल जात. मग आधी केमो, नंतर शस्त्रक्रिया.

लॉर्नाचा तुकडा तिन्ही तपासण्यांत कोरा आला होता. तुकड्यात निरोगी दूधनळीचा एक कण जरी असता तरी त्यावरून रंग नीट चढला की नाही ते पडताळता आले असते. तसा कण नव्हता. हे सगळे राउतिओंनी तिसऱ्या टिपेत तीन ओळींत लिहिले होते, आणि शेवटी जोडले होते: पुन्हा तपासणीचा विचार करता येईल.

‘करावी’ असे लिहिले नव्हते. ‘विचार करता येईल.’

पत्र त्यांनी पुन्हा एकदा वाचले. मग घडी घालून त्यांनी ते खणात ठेवले. बुधवारी बैठकीत बोलायचेच आहे, मग वेगळे काय लिहायचे, असे त्यांनी स्वतःला सांगितले.

बुधवारी सकाळी साडेसातला सगळे जमायचे. स्तनांच्या गाठींचा सर्जन, क्ष-किरणवाले, पॅथॉलॉजिस्ट, केमोचा डॉक्टर, किरणोपचाराचा डॉक्टर, आणि अ‍ॅग्नेस वाबासी ही नर्स, जी प्रत्येक बाईला या सगळ्यांच्या दारांतून हाताला धरून नेते. एकेका रुग्णाला पाच-सहा मिनिटे. खोलीत अंधार करून आधी क्ष-किरणांची चित्रे, मग राउतिओंच्या काचपट्ट्यांची चित्रे पडद्यावर. मग दिवे लागायचे आणि उपचारांचे बोलणे सुरू व्हायचे. दिवे लागले की पॅथॉलॉजीचे काम संपले, असे कुठे लिहिलेले नव्हते, पण चौतीस वर्षे तसेच चालत आले होते.

“एलिआस, आज किती टिपा?” ल्युक देरोझिएने कॉफीचा कप ठेवता ठेवता विचारले. तो केमोचा डॉक्टर. चाळिशीचा, हसरा, कामाला वाघ. “तुमचा रिपोर्ट म्हणजे ग्रंथ हो. मी नेहमी पहिल्या पानावरच झोपतो.”

राउतिओ हसले. त्यांना राग यायचा नाही अशा गोष्टींचा.

लॉर्ना डबचॅक चौथी होती. वय एकसष्ट, गाठ तीन सेंटीमीटर. राउतिओंनी चित्र दाखवले. “ग्रेड एक, दिसायला सौम्य. हार्मोनच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह. हर-टू निगेटिव्ह. म्हणजे, तसं... खाली एक टीप–”

दिवे लागले.

“तिन्ही निगेटिव्ह, तीन सेंटीमीटर,” देरोझिए म्हणाला. “आधी केमो. यात बोलायचं काय?”

मोराग पेट्री ही सर्जन बैठक चालवायची. तिने सवयीने टेबलाभोवती नजर फिरवली. “कुणाचं काही वेगळं?”

राउतिओंच्या मनात वाक्य तयार होते. पण त्याच्या मागोमाग नऊ वर्षांपूर्वीची एक बाई उभी राहिली. तेव्हाही त्यांना अशीच शंका आली होती, त्यांनी ती बोलूनही दाखवली होती. काचपट्ट्या टोरांटोला दुसऱ्या मतासाठी गेल्या, तीन आठवडे मोडले, आणि उत्तर आले ते पहिल्यासारखेच. तेव्हाचा सर्जन भर बैठकीत म्हणाला होता, “राउतिओंना शंका येते ती आपल्याला परवडत नाही.” लोक हसले होते. सर्जन केव्हाच निवृत्त झाला, हसणे मात्र राउतिओंच्या कानात राहिले होते.

टीप रिपोर्टमध्ये आहेच, त्यांच्या मनात आले. ज्याला वाचायची तो वाचेल.

“पुढची,” मोराग म्हणाली.

त्या संध्याकाळी त्यांनी पत्राला उत्तर लिहायला घेतले. ‘आपल्या प्रश्नाबद्दल आभारी आहे’ इथपर्यंत आले. पुढे खात्री आहे म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तर सकाळी तोंड का शिवले होते? कागद चुरगळून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला, पुन्हा टाकला. तोवर दुसऱ्या कुणा बाईची तारीख रद्द झाल्यामुळे लॉर्नाला लवकरची मिळाली आणि पुढच्या सोमवारी पहिला डोस गेलासुद्धा.

दोन आठवड्यांनी अ‍ॅग्नेस तळघरात आली. ती सहसा खाली यायची नाही. आली ती सरळ त्यांच्या टेबलापाशी, आणि बसली नाही.

“डॉक्टर, लॉर्ना डबचॅक वर आहे. तिसऱ्या मजल्यावर.”

“का?”

“ताप. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या. चार दिवस ताप चाळीस सेल्सिअसच्या आसपास होता. अ‍ॅम्ब्युलन्समधून तीन तास आणली. आता उतरलाय.” ती थांबली. “केस उशीवर यायला लागलेत. मला विचारते, ‘तुमचे ते तळघरातले डॉक्टर हयात आहेत ना हो?’ मी म्हटलं, आहेत. ‘मग पत्राला उत्तर का देत नाहीत?’ कसलं पत्र, डॉक्टर?”

राउतिओंनी खण उघडून पत्र पुढे केले. अ‍ॅग्नेसने उभ्या उभ्याच वाचले.

“मग? आहे का तुम्हाला खात्री?”

“नाही.”

“आणि बोर्डात बोलला नाहीत.”

“टिपेत लिहिलं होतं मी.”

“अहो, टीप कोण वाचतं?” अ‍ॅग्नेसचा आवाज चढला नाही, उलट खालीच आला. “एकोणीस वर्षं मी त्या खोलीत बसतेय. दिवे लागले की निम्मे लोक मोबाइल बघतात. तुम्हालाही माहीत आहे ते. तुम्ही लिहिता ते आम्हाला कळावं म्हणून, की उद्या कुणी बोट दाखवलं तर दाखवायला असावं म्हणून?”

याचे उत्तर त्यांना ठाऊक होते. ते त्यांना आवडले नाही.

अ‍ॅग्नेस गेल्यावर त्यांनी काचपट्टी पुन्हा काढली. छोट्या छोट्या नळ्या, एकसारख्या, आपापल्या जागी. पेशी लहान, केंद्रे शांत, फुटण्याची घाई कुणालाच नाही. जहाल जातीच्या गाठी त्यांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. त्यांत पेशी अशा रांगेत, सभ्यपणे बसलेल्या नसतात. रूप एक सांगत होते आणि रंग दुसरेच. हे त्यांना पहिल्या दिवशीच दिसले होते.

दुसऱ्या दिवशी बुधवार. यादी संपली, मोराग कागद गोळा करू लागली, देरोझिएने खुर्ची मागे सरकवली.

“मोराग, दिवे घालव,” राउतिओ म्हणाले.

“यादी संपली, एलिआस.”

“यादीत नाही हे. डबचॅक.”

“तिचं झालं की तीन आठवड्यांपूर्वी,” देरोझिए म्हणाला. “सोमवारी दुसरा डोस आहे.”

“म्हणूनच. घालव दिवे.”

हा सूर त्यांच्या तोंडी कुणी ऐकला नव्हता. अ‍ॅग्नेस बटणाजवळच बसली होती. तिने मोरागची वाट पाहिली नाही.

अंधारात बोलणे सोपे गेले. वादळ, बाटली, पाच दिवस, पडताळ्याला निरोगी कण नाही, आणि या पेशींचे रूप. त्यांनी चित्रावर काठी ठेवून एकेक नळी दाखवली. “ही गाठ हार्मोनवर पोसली जाणारी असावी असं मला वाटतं. रंग चढला नाही, कारण तुकडा बिघडला होता. नवा तुकडा काढायला हवा.”

“वाटतं?” देरोझिएने विचारले. “खात्री आहे?”

“नाही. खात्री असती तर नवा तुकडा कशाला मागितला असता?”

“एलिआस, राग मानू नका, पण नऊ वर्षांपूर्वीही आपण...”

“हो. तेव्हा मी चुकलो होतो. आताही चुकेन कदाचित. चुकलो तर तिचा दुसरा डोस दोन-तीन दिवस लांबेल. नाही चुकलो, तर तू तिला पाच-सहा महिने असं औषध देणार आहेस, जे तिला बहुधा नकोच आहे. एक डोस तर दिलासच.”

मग अंधारातच देरोझिएचा आवाज आला. हसरेपणा त्यातून गेला होता. “हे तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतंत.”

“हो,” राउतिओ म्हणाले.

मोरागने आपल्या संगणकावर रिपोर्ट उघडला होता. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. ती खाली, आणखी खाली गेली. “तिसरी टीप. आहे खरी.” मग म्हणाली, “मी वाचली नव्हती.”

“मीपण,” देरोझिए म्हणाला.

तुकडा त्याच दुपारी काढायचे ठरले; बाई वरच होती. बाटलीच्या बाबतीत राउतिओंना या वेळी कुणावर विसंबायचे नव्हते. ते स्वतः दुसऱ्या मजल्यावर गेले आणि सोनोग्राफीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. दार किलकिले होते. आतून एका बाईचा घोगरा, खणखणीत आवाज येत होता.

“पुन्हा? मागचा हरवलात की काय?”

“नाही हो. जरा नीट बघायचंय,” अ‍ॅग्नेस म्हणाली.

“नीट बघायचंय! म्हणजे आधी वाकडं बघितलं. माझ्या बसमधली पोरंसुद्धा यापेक्षा बरी थाप मारतात.”

“थाप नाही. पहिला तुकडा वादळात अडकला होता, त्याची शंका आलीय.”

“कुणाला आली?”

अ‍ॅग्नेसने दाराकडे पाहिले असावे. “तळघरातल्या डॉक्टरांना.”

“आली म्हणायची एकदाची.”

राउतिओंना आत जायला हवे होते. पाच पावलांचा प्रश्न होता. त्यांचा हात दाराच्या मुठीपर्यंत गेला, पण तेवढ्यात अ‍ॅग्नेस बाहेर आली आणि तिने त्याच हातात बाटली ठेवली. ते जिन्याने खाली गेले.

शुक्रवारी सकाळी काचपट्ट्या तयार झाल्या. भिंगाखाली सरकवण्याआधी ते जरा थांबले. या वेळीही कोरी निघाली तर लॉर्नाचा आजार जहाल ठरेल, पण झालेले उपचार बरोबर ठरतील, आणि त्यांच्या गप्प बसण्याने कुणाचे काही बिघडले नाही असे होईल. डोळ्याचे पाते लवते तेवढा वेळ त्यांना वाटून गेले की कोरी निघावी. हे त्यांनी पुढे कुणालाही सांगितले नाही.

पट्टी तपकिरी होती. शंभरातल्या पंच्याण्णव पेशी गडद तपकिरी. दुसरी हार्मोनची पट्टीही तशीच. शेजारी निरोगी नळीचा एक तुकडा होता, तोही नीट रंगलेला. त्यांनी मोरागला फोन केला. टीप न लिहिता तोंडाने सांगितले, आणि मग लिहिले.

केमो थांबली. आधी शस्त्रक्रिया, मग किरण आणि गोळ्या असे ठरले. पुढे कधी केमो लागेल का, ते काढलेल्या गाठीच्या आणखी एका तपासणीवर. मोराग आणि देरोझिए दोघे लॉर्नाच्या खाटेशी गेले, आणि काय झाले ते त्यांनी तिला सांगितले. अ‍ॅग्नेस सांगत होती की बाईने सगळे ऐकून घेतले. शेवटी देरोझिएला म्हणाली, “केस परत येतील म्हणता? कुरळे आले तर तुमच्यावर दावा लावीन.” मग तिने भिंतीकडे तोंड केले.

बैठकीने एक नियमही केला. रिपोर्टमध्ये शंका असेल तर ती पहिल्या ओळीत यायची, आणि दिवे लागल्यावर मोरागने पॅथॉलॉजीला पुन्हा विचारायचे. दोन बुधवार तिने विचारले. तिसऱ्या बुधवारी विसरली, तेव्हा अ‍ॅग्नेस खाकरली.

मार्चअखेर शस्त्रक्रिया झाली. बगलेतल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या. तो रिपोर्टही राउतिओंनीच लिहिला. त्यानंतरच्या तपासणीत केमोची गरज नाही असे आले. सगळे मार्गी लागले तसे खणातले ते पत्र अधिकच जड होत गेले.

शेवटी त्यांनी उत्तराचा मसुदा केला, आणि शिस्तीचे माणूस म्हणून तो रुग्णालयाच्या कायदा बघणाऱ्या व्हर्नन गिल्क्रिस्टला दाखवला. गिल्क्रिस्ट सज्जन होता. त्याने दोनदा वाचला.

“छान आहे. फक्त दोन वाक्यं काढा, बाकी आमच्या कागदावर पाठवू.”

“कोणती दोन?”

“‘मला शंका होती’ हे एक. आणि ‘मी बोललो नाही’ हे दुसरं.”

“मग उरलं काय?”

गिल्क्रिस्टने मसुदा पुन्हा पाहिला. “शुभेच्छा,” तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच हसू आले. “हे बघा डॉक्टर, घडलेलं तिला अधिकृतपणे सांगून झालंय, तिच्या कागदपत्रांत नोंद आहे. माफी मागितली म्हणून कायदा तुम्हाला धरत नाही. पण एवढं तपशिलात कशाला? तिला सगळं माहीत आहे.”

“माहीत आहे. पण तिने विचारलं मला होतं.”

“मी तुम्हाला पाठवू नका असा सल्ला देतो.”

“ठीक आहे. तुम्ही सल्ला दिलात,” राउतिओ म्हणाले आणि मसुदा खिशात घालून घरी आले.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून त्यांनी हातानेच पक्के पत्र लिहिले. पहिले वाक्य चार वेळा खोडले. शेवटी ते असे झाले:

‘श्रीमती डबचॅक,

तुम्ही विचारलं होतं, मला खात्री आहे का. नव्हती. रिपोर्टवर सही करतानाच मला शंका होती. सावधगिरी मी बाळगायला हवी होती. ती टिपेत लिहून मी दुसऱ्यांवर सोडली. बुधवारच्या बैठकीत “कुणाचं काही वेगळं?” असा प्रश्न झाला तेव्हा मी तिथे होतो आणि मी बोललो नाही. याआधी एकदा माझी शंका चुकीची ठरली होती, लोक हसले होते, त्याची मला भीती वाटली. त्या भीतीपायी तुम्हाला एक डोस घ्यावा लागला, ताप आला, केस गेले. हे भरून देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

तुमच्या पत्रामुळे आणि अ‍ॅग्नेसबाईंमुळे मी दुसऱ्यांदा बोललो. आपणहून बोललो असतो असं मला म्हणता येणार नाही.

दुसऱ्या तुकड्याबद्दल आणि काढलेल्या गाठीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो: त्याची मला खात्री आहे. त्यावर काहीही विचारायचं असेल तर खाली माझा फोन आहे. मला फोनवर नीट बोलता येत नाही, पण उचलीन.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी तुमच्यापासून लांब होतो. नंतर तुमचा दुसरा तुकडा काढला तेव्हा दाराबाहेर पाच पावलांवर होतो, तेव्हाही आत आलो नाही. तेही सांगायला हवं म्हणून लिहिलं.

– एलिआस राउतिओ’

पुन्हा वाचले तर त्यात पंधरा ठिकाणी बदल करावेसे वाटले. शेवटचा परिच्छेद तर निव्वळ स्वतःविषयी आहे, तो काढावा, असेही वाटले. पण पुन्हा हात लावला तर पत्र मे महिन्यात जाईल, हे त्यांना स्वतःच्या स्वभावावरून ठाऊक होते. त्यांनी पाकीट चिकटवले, कोट चढवला आणि औषधाच्या दुकानातल्या टपालखिडकीशी गेले.

खिडकीतल्या बाईने पत्ता वाचला. “ग्रँट्स लँडिंग. मंगळवारी मिळेल. सहीचं करू का? पोचल्याचं कळेल तुम्हाला.”

“नको. साधंच.”

तिने तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट मागच्या करड्या पिशवीत टाकले.

“आणखी काही?”

“नाही,” राउतिओ म्हणाले, आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.